बुगडीच्या जागी टोचायचंय? आधी एवढं वाच

पत्र: "ताई, मी २१ वर्षांची आहे. नागपुरात मनीषनगरला राहते आणि हिंगणा रोडच्या कॉलेजला रोज गाडीने जाते. कानाच्या वरच्या भागात टोचून घ्यायचं खूप दिवसांपासून मनात आहे. मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे, त्याआधी झालं तर आजीची सोन्याची बुगडी त्या दिवशी घालता येईल. आई म्हणते, इतवारीत आपल्या सोनाराकडे चल, लहानपणी त्यानेच तुझे कान टोचले होते. मैत्रिणीने बर्डीवर गनने टोचून घेतलं, दोन मिनिटांत झालं. पण आता तिथे गाठ आली आहे आणि ती रोज त्यावर हळद-तेल लावून राहिली आहे. बाबा एकदम विरोधात आहेत, म्हणतात तिथलं हाड सडतं. त्यांच्या स्वतःच्या हातावर एका जुन्या जखमेची जाड गाठ झालेली आहे. कुठे टोचू, कोणाकडून टोचू, आणि नंतर हेल्मेट-स्कार्फचं काय करू? नाव छापू नका."

आधी लग्नाचं सांगते, कारण तारीख जवळ आली आहे. मे महिन्यातल्या लग्नासाठी आता टोचून घेऊ नकोस. तुझं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. अगदी उद्या टोचलंस तरी लग्नापर्यंत जेमतेम अडीच महिने होतील. कानाच्या वरच्या भागातली जखम आतून पूर्ण भरून यायला ६ महिने ते १ वर्ष लागतं. कानाच्या पाळीचं काम ६ ते ८ आठवड्यांत होतं, म्हणून घरोघरी तोच हिशोब डोक्यात असतो आणि वरच्या छिद्रालाही तोच लावला जातो. अडीच महिन्यांच्या कच्च्या जखमेत बुगडी घालायची, त्यावर हळदीच्या दिवशीची हळद, मग पार्लरवालीचा स्प्रे आणि पिना, आणि बाहेर आपलं ४५ अंशांचं ऊन. असा दिवस त्या कानाने का सोसावा? लग्नात बुगडी हवीच असेल तर दाबाची बुगडी मिळते. ती न टोचता कानाच्या कडेवर बसते आणि फोटोत कोणाला फरक कळत नाही.

टोचायचं ते दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. नागपूरची थंडी कोरडी असते, घाम नसतो, चेहऱ्याभोवती स्कार्फ गुंडाळावा लागत नाही. मार्चअखेर ऊन तापायला लागेल तोवर चार-पाच महिने निघून गेलेले असतील आणि जखमेचा सगळ्यात नाजूक काळ संपलेला असेल. दुसऱ्या गावात राहणाऱ्या मुलीला मी महिना बघ असं सांगितलं नसतं. इथे सांगते.

आता बाबांचं. त्यांचा विरोध मी उडवून लावणार नाही. मी बरीच वर्षं कान-नाक-घसा विभागात परिचारिका होते आणि ते ज्याला 'हाड सडणं' म्हणतात ते मी पाहिलेलं आहे. कानाच्या वरच्या भागात असते ती हाड नव्हे, कूर्चा, म्हणजे वाकणारी कार्टिलेज. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण तिला चिकटलेलं असतं आणि त्या आवरणातल्या रक्तातून जे झिरपेल तेवढ्यावरच ती जगते. म्हणून तिथली जखम सावकाश भरते. म्हणूनच तिथे जंतू शिरले तर त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी आणि पोटातून घेतलेलं औषध पोचायलाही वेळ लागतो. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला तर कूर्चेचं पोषणच तुटतं. तेवढा तुकडा मरतो, आक्रसतो आणि कान कायमचा चुरगळतो. आखाड्यातल्या जुन्या पैलवानांचे कान पाहिले असशील. तिथे मार लागून त्याच जागी रक्त साचलेलं असतं, पण पुढची गोष्ट हीच.

हे करणारा नेहमीचा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. तो ओलाव्यात राहतो: सिंक, साचलेलं पाणी, ओले स्पंज. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००० साली दागिन्यांच्या एका स्टॉलवर कानाच्या वरच्या भागात टोचून घेतलेल्या ७ जणांना या जंतूचा संसर्ग झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं, आणखी १८ जणांबद्दल तसा संशय होता. सिद्ध झालेले सगळे १० ते १९ वर्षांचे. चौघांना रुग्णालयात भरती करावं लागलं आणि काहींचे कान कायमचे बिघडले. तोच जंतू सापडला तिथल्या सिंकमध्ये आणि चक्क जंतुनाशकाच्या बाटलीत. म्हणून कोणी 'आम्ही स्प्रे मारतो ना' म्हटलं की तेवढ्यावर समाधान मानू नकोस. ती बाटली कधी उघडली आणि पुन्हा पुन्हा भरतात का, ते विचार.

पत्रातल्या बाबांच्या दुसऱ्या उल्लेखाकडे, त्यांच्या हातावरच्या गाठीकडे, मात्र तू पुरेसं लक्ष दिलेलं दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. जुन्या जखमेवरची जाड गाठ म्हणजे केलॉइड असू शकतं. केलॉइडची प्रवृत्ती घराण्यात चालते, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत जास्त दिसते, आणि साधारण १० ते ३० या वयात जास्त उद्भवते. तू नेमकी त्या वयात आहेस. तेव्हा आधी स्वतःच्या अंगाकडे नीट बघ. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण सपाट आहे की फुगून जाड झालाय? लहानपणी टोचलेल्या पाळ्यांच्या मागे कडक मण्यासारखं काही लागतं का? पाठीवर, खांद्यावर मुरुमांच्या जागी उंचवटे राहिलेत का? यातलं एकही 'हो' असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: टोचू नकोस. कानावरचं केलॉइड मूळ छिद्राच्या बाहेर पसरत जातं. त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागतात, महिनोनमहिने सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा दाबाचे कानातले वापरावे लागतात, आणि नुसतं कापून काढलं तर ते पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठं, उगवतं. सगळं 'नाही' असेल तरी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना बाबांचा हात आणि तुझे वण दाखवून ये. बाबांना सोबत घेऊन गेलीस तर घरातलं निम्मं भांडण तिथेच मिटेल.

तिथून होकार मिळाला की मग प्रश्न, कोणाकडून टोचायचं. गनने नाही, हे पक्कं. गन स्प्रिंगच्या जोरावर बोथट टोकाचा दागिना कानातून आरपार ढकलते. पाळी मऊ असते, ती सहन करते. कूर्चेला तो मार असतो, तिच्यात चीर जाऊ शकते आणि भोवतालचं आवरण सुटू शकतं. शिवाय गनची प्लास्टिकची बॉडी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, घालता येत नाही, स्पिरिटने पुसूनच पुढच्या कानाला लावतात. वर त्या गनचे कानातले आखूड दांडीचे असतात. सूज आली की पुढचा खडा आणि मागची फिरकी मिळून कान चिमटून धरतात.

सोनाराबद्दल मला आदर आहे. आपल्या चार पिढ्यांचे कान त्यांनीच टोचले आणि त्यांचा हात बहुतेक तरुण टोचणाऱ्यांपेक्षा स्थिर असतो. बाळाच्या पाळीसाठी तू विचारलं असतंस तर मी तारेच्या स्वच्छतेबद्दल दोन गोष्टी सांगून हो म्हटलं असतं. बुगडीच्या जागेसाठी नाही. तिथे हवी एकदाच वापरायची, सीलबंद, पोकळ सुई, जी कूर्चा न दाबता स्वच्छ छिद्र पाडते, आणि हवा दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेला दागिना. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवतात ती वाफ, उकळतं पाणी नव्हे. हे दोन्ही सोनाराच्या पेढीवर नसतं. आईला हे समजावून सांग, त्यात सोनाराचा अपमान नाही.

मग उरतात दोन वाटा: सुईने काम करणारा चांगला पिअर्सिंग स्टुडिओ, किंवा हे करणारे ईएनटी, त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर. धरमपेठ-सदरकडे स्टुडिओ शोधायला गेलीस तर पहिल्या फेरीत टोचून घेऊ नकोस, नुसती बघून ये. ऑटोक्लेव्ह कुठे आहे हे विचारल्यावर माणूस दाखवतो की विषय बदलतो, यावरून बरंच कळतं. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे, हातमोजे तिथल्या तिथे नवे घातले पाहिजेत, आणि पेनने खूण करून आरशात तुला दाखवली पाहिजे, तीही तू सरळ बसलेली असताना. मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, असं काही न विचारता कोणी सुई उचलली तर उठून ये. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते घरी आठवून ठेव. जाताना उपाशी जाऊ नकोस, चक्कर येते.

जागा कडेचीच निवड, ज्याला ते हेलिक्स म्हणतात, म्हणजे बुगडीचीच. कानाच्या आतल्या घड्या किंवा एका दांडीने दोन छिद्रं जोडण्याचा प्रकार पहिल्याच वेळी नको. आणि ज्या कुशीवर तू झोपतेस त्या बाजूचा कान सोडून दुसरा टोचून घे. ही साधी निवड पुढच्या सहा महिन्यांचा निम्मा त्रास वाचवते.

पहिला दागिना आजीची बुगडी नको. शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम माग. एएसटीएम एफ१३६ असं त्याचं मानक आहे, ते नाव घेऊन विचार. आकार सरळ दांडीचा आणि मागे सपाट चकतीचा. बाली घेऊ नकोस, ती फिरते आणि प्रत्येक वेळी जखम उघडते. सूज येणार हे धरून दांडी थोडी लांब ठेवतात, ती सैल वाटली म्हणून घाबरू नकोस. इमिटेशन नको, त्यातल्या निकेलने कितीतरी जणींना खाज सुटते. चांदीही नको, ती ओल्या जखमेत काळी पडते. आपलं २२ कॅरेटचं सोनं नंतरसाठी उत्तम, पण कच्च्या जखमेसाठी फार मऊ. त्यावर ओरखडे पडतात आणि त्यात घाण धरते. छिद्र पक्कं झालं, साधारण वर्षभराने, की आजीची बुगडी घेऊन इतवारीत जा आणि तिची तार तुझ्या छिद्राच्या जाडीशी जुळवून घे. अशी छिद्रं साधारण १ ते १.२ मिलिमीटरची असतात. त्याहून बारीक तार वजनाने कडेला कापत जाते. हे काम मात्र सोनाराइतकं चांगलं दुसरं कोणी करणार नाही.

टोचून झाल्यावर करायचं फार थोडं आहे, आणि मुलींना तेच सगळ्यात कठीण जातं. दिवसातून दोनदा साबणाने हात धुऊन नॉर्मल सलाईनने धुवायचं. मेडिकल स्टोअरमध्ये ०.९ टक्के सोडियम क्लोराइड म्हणून माग आणि छोट्यात छोटं पॅक घे, कारण बाटली उघडल्यावर ती निर्जंतुक राहत नाही. मोठी बाटली आठवडाभर पुरवून वापरली तर त्या सलाईनला अर्थ उरत नाही. घरी मीठ-पाणी करू नकोस, हाताने टाकलेलं मीठ नेहमी जास्तच होतं आणि त्वचा कोरडी पडून फाटते. सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ गॉझ दोन-तीन मिनिटं पुढून-मागून धरायचं, खपली आपोआप सुटेल तेवढीच पुसायची, आणि कोरड्या गॉझने टिपायचं. कापूस नको, त्याचे धागे दांडीला अडकतात. मग हात काढून घ्यायचा, संध्याकाळपर्यंत.

दागिना फिरवायचा नाही. लहानपणी आईने 'फिरवत राहा, नाहीतर चिकटेल' म्हणून सांगितलं असेल. फिरवल्याने आत नुकतीच धरलेली नवी त्वचा फाटते आणि खपलीवरची घाण आत ओढली जाते. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही नको. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. आणि हळद-तेल नको. तुझ्या मैत्रिणीला हे आजच सांग. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि तेलाचा थर जखम बंद करून घाम-मळ आत कोंडतो. तिची गाठ नेमकी काय आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही. दागिना हलत राहिल्याने, दाबल्याने किंवा आखूड दांडीने छिद्राशेजारी लालसर पुळी येते, ती कारण दूर केलं की हळूहळू बसते. केलॉइड बहुतेकदा काही महिन्यांनी येतं, कडक असतं आणि वाढत राहतं. तिने ती फोडू नये, डॉक्टरांना दाखवावी.

तुझ्या हेल्मेटचं. हेल्मेट सोडायचं नाही, हिंगणा रोडच्या ट्रकांमध्ये तर नाहीच. पण पहिले दोन-तीन आठवडे गाडी घरी ठेवता आली तर बघ. तुझ्या बाजूने ऑरेंज लाइनची मेट्रो धरून सीताबर्डीला बदललीस की ॲक्वा लाइन तुला थेट लोकमान्य नगरला सोडते, म्हणजे हिंगणा रोडवरच. पुढे शेअर ऑटो. नंतर गाडी सुरू केलीस की हेल्मेटचा पट्टा पूर्ण मोकळा करून दोन्ही हातांनी बाजू ताणायच्या आणि सरळ वरून खाली उतरवायचं, काढतानाही तसंच. एका बाजूने ओढून काढायची सवय असते, तिथेच दागिना फसतो. आतलं कापड सुटं होत असेल तर दर आठवड्याला धू. स्कार्फ सुती, सैल, रोज धुतलेला. सोडताना न टोचलेल्या बाजूने सोडायचा. थंडीत लोकरी टोपी आणि गळ्यातून काढायचा स्वेटर हे दोन शत्रू, त्यामुळे तेवढे महिने चेनचा स्वेटर घाल. केस विंचरताना, टॉवेलने डोकं पुसताना त्या बाजूला हात हळू. फोन दुसऱ्या कानाला.

झोपायला प्रवासात गळ्याभोवती घालतात ती उशी घे आणि कान तिच्या पोकळीत येईल असं डोकं ठेव. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदल. पोहणं जखम भरेपर्यंत बंद, तलाव असो की क्लोरीनचा पूल. होळी मार्चमध्ये येईल, तेव्हा तुझे चारच महिने झालेले असतील. त्या वर्षी रंग खेळू नकोस, हे वाईट वाटलं तरी सांगते. आणि घरचा कूलर सुरू झाला की टाकीत पाणी भरून तसाच ओला हात कानाला लागणार नाही एवढं बघ. साचलेल्या पाण्यातल्या जंतूबद्दल वर लिहिलंच आहे.

साधारण ४ ते ८ आठवड्यांनी सूज उतरते आणि दांडी मोठी वाटू लागते. तेव्हा टोचलं त्यांच्याकडेच जाऊन आखूड दांडी बसवून घे. हे अनेकजणी टाळतात, आणि लांब दांडी इकडेतिकडे अडकून छिद्र तिरकं होतं. बाहेरून सगळं छान दिसतं तेव्हाही आतली जखम ओलीच असते, म्हणून तिसऱ्या महिन्यात हौसेने दागिना बदलू नकोस.

पहिल्या काही दिवसांत थोडी लाली, गरमपणा, ठणका आणि पांढरट-पिवळसर लस सुकून खपली होणं हे ठीक आहे. ते दिवसागणिक कमी होत गेलं पाहिजे. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, किंवा पुढे कधीही, दुखणं वाढत गेलं, कानाचा वरचा भाग लालबुंद होऊन सुजला पण पाळी मात्र नेहमीसारखीच राहिली, कान डोक्यापासून पुढे ढकलल्यासारखा दिसला, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी ईएनटीच्या डॉक्टरांकडे जायचं. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, यातलं जे सरकारी रुग्णालय जवळ पडेल ते. रात्र असली तर कॅज्युअल्टीत. मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस वाट बघायची नाही. घसा धरल्यावर देतात ते अमॉक्सिसिलिन स्यूडोमोनासवर चालत नाही, त्यात दोन दिवस जातात आणि कूर्चेचे दोन दिवस फार महागात पडतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग, 'कूर्चेत टोचलंय, अमुक दिवस झाले', म्हणजे ते औषध त्या हिशोबाने देतील आणि पू असेल तर तो तपासणीला पाठवतील. आणि घाबरून दागिना स्वतः काढून टाकू नकोस. छिद्राचं तोंड मिटलं तर पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा, ते कान बघून डॉक्टर ठरवतील.